पितळी गुंडातला लिंबूसोडा

एकोणीसशे पन्नास सालानंतरची गोष्ट. चामोर्शीच्या शाळेत मी मुलांना आम्लं शिकवत होतो, आणि घरात माझं कोणी ऐकत नव्हतं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. वऱ्हाड ब्रह्मपुरीसारख्या मोठ्या गावचं, म्हणून बाबांनी हट्ट धरला की पाहुण्यांना लिंबूसोडाच पाजायचा. याआधी तिची दोन स्थळं मोडली होती. हेही मोडलं तर पुढे कोणी विचारणार नाही, ही धास्ती घरातल्या प्रत्येकाला होती.

सोडा गोळीच्या बाटल्यांचा. साखरेच्या पाकात लिंबाचं सत घालून ठेवायचं आणि ऐनवेळी पेल्यात तो पाक घेऊन वर सोडा ओतायचा, एवढंच काम. पाकासाठी मी चिनी मातीच्या दोन बरण्या मागून आणल्या आणि आत्याला तीनदा बजावलं, पितळेत ठेवू नको. आई गेल्यापासून घरातलं सगळं आत्याच बघायची.

लग्नाच्या दिवशी सकाळी बघतो तर बरण्यांत लोणचं, आणि पाक आईच्या पितळी गुंडात, पाणी भरायच्या मोठ्या घड्यात! हा गुंड बहिणीला सासरी द्यायचा होता. आतली कल्हई कधीच उडालेली.

"आत्या, हे काऊन केलं वो?"

"वऱ्हाडासमोर लोनच्याच्या बरन्या मांडू काय? शोभा हाये का काही?"

"या गुंडात ताक ठेवतं का तू?"

"ताक कळकते, हिरवं पडते. तेवढं समजते मले. पन ह्याच्यात दूध कुठी हाये?"

माझं डोकंच फिरलं. जन्मभर भांडी हाताळलेली बाई, आणि ताक दुधामुळे कळकतं म्हणते! मी तिथेच शाळा भरवली. सोड्यातला वायू पाण्यात विरघळून जे आम्ल होतं ते सौम्य, बाटली फोडली की बरंचसं फसफसून उडून जातं. लिंबाच्या सताचं तसं नाही, ते ठाण मांडून बसतं आणि पितळेतलं तांबं पाकात उतरवतं. ताकातही आंबटच कळकवतं. आत्या मिरच्या निवडत होती.

"चिंचेनं पितळ उजळते का नाई?" मी विचारलं.

"उजळते."

"वरचा थर खाते म्हनून उजळते. तेच आतून होऊन राह्यलं रात्रीपासून."

"मंग आतूनबी उजळन. चांगलंच हाये ना!"

मी कपाळावर हात मारला आणि बाबांकडे गेलो. बाबा म्हणाले, "तुयी शाळा तुया शाळेत ठेव."

वऱ्हाडाच्या बैलबंड्या आल्या. मला खोटं पाडायला आत्यानं पेलाभर पाक सोडा घालून सगळ्यांदेखत पिऊन दाखवला. मी गुंडात डोकावलो. पाकाला हिरवट झाक होती आणि काठाशी पितळ नवं असावं तसं लखलखत होतं. मांडवात पेले मांडेपर्यंत आत्या मांडवामागे ओकायला लागली. "ऊन लागलं मले," असं तिनं वर सांगितलं.

आता कोणाला समजावण्यात अर्थ नव्हता. मी गुंडाला लाथ घातली. पाक अंगणभर वाहिला, पाहुण्यांच्या धोतरांवर शिंतोडे उडाले. नवऱ्या मुलाचा मामा ताडकन उठला आणि बंड्या जुंपा म्हणून ओरडला. बाबांनी हात जोडले. खरं कारण सांगितलं असतं तर आम्ही त्यांना विष पाजणार होतो असा अर्थ झाला असता. मी मामाचे पाय धरले, पाय अडखळला म्हणालो, आणि नुसता सोडा एकेका पाहुण्याच्या हातात दिला. विज्ञानाचा मास्तर सगळ्या वऱ्हाडासमोर वेंधळा ठरला, पण लग्न लागलं. बाबा पुढे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पाठवणीच्या वेळी बहीण रडत गळ्यात पडली आणि कानाशी म्हणाली, "भाऊ, गुंडाले कल्हई करून मंगच पाठवजो. तोवर मी मातीच्याच भांड्यात आंबट ठेवीन. सासूलेबी सांगीन, दुधानं नाई, आंबटानं कळकते."

सकाळी ती आतल्या खोलीत हळदीच्या अंगानं बसून सगळं ऐकत होती. घरात ज्याला त्याला मी शिकवायला गेलो होतो, फक्त तिला नाही. चौथीनंतर बाबांनी तिची शाळा बंद केली, तेव्हा मास्तर असून मी एक अक्षर बोललो नव्हतो.