भाऊजींचा पंप

आमचे भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बोलणी खायला वहिनी आहे की, आणखी कशाला?" आणि ती वाढण्यात मीही कधी हात आखडता घेतला नाही.

कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्यात ते दारांना बिजागऱ्या बसवायचे. उभा जन्म तेवढंच केलं. त्यांच्याकडे दाबाचा जुना स्क्रू ड्रायव्हर होता, चांगला हातभर लांब. मूठ तळहाताने दाबली की आतली पीळदार दांडी फिरायची आणि स्क्रू लाकडात उतरायचा. दाब सोडला की स्प्रिंगने मूठ परत वर. खर्र-टक, खर्र-टक. कारखान्यात त्याला सगळे पंप म्हणायचे आणि भाऊजींना पंपवाले. उजवा हात दमला की डाव्याने दाबायचे, डावा दमला की उजव्याने. बिजागरीवरच्या सगळ्या स्क्रूंच्या खाचा मात्र उभ्या, एका रेषेत. मालक नव्या गिऱ्हाइकाला मुद्दाम दार उघडून दाखवायचे, "बघा, आमच्याकडे खाचासुद्धा शिस्तीत असतात." भाऊजी मान खाली घालून कामाला लागायचे.

मग बॅटरीची मशिनं आली. खटका दाबला की स्क्रू आत. भिंतीशी चार्जरचे हिरवे दिवे लागले आणि बाकीचे कामगार खूश झाले, कारण खांदे वाचले. भाऊजी तेवढे म्हणाले, मला नको.

मिस्त्रींनी समजावलं. "काका, घ्या हो. हलकं आहे."

"माझ्या पंपाने कामाची खोटी झाली का कधी?"

"तसं नाही, पण..."

"मग चालू दे."

घरीही तेच. ह्यांनी विचारलं, "शिकायची लाज वाटते का रे?" तर म्हणाले, "त्यात शिकायचं काय? खटका तर दाबायचा." "मग दाब की!" त्यावर उठून हात धुवायला गेले. मी मागून म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्यांच्यापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

त्याच सुमारास आमच्या घरातले कप फुटायला लागले. भाऊजींच्या हातून. बटणांचे शर्ट सोडून ते लांब बाह्यांचे टी-शर्ट घालायला लागले, तेव्हा मी म्हटलं, या वयात शौक चढलाय. ते हसले. ताकास तूर लागू दिली नाही.

शेवटी मालकांनी जुने, खाचेचे स्क्रू आणणंच बंद केलं. आता स्टार स्क्रू आणि मशिन, सगळ्यांना सारखंच. भाऊजींनी पंप रुमालात गुंडाळून डब्यात ठेवला आणि मशिन हातात घेतलं. पुढचं मला कारखान्यातल्या रंगाऱ्याने सांगितलं. त्यांना दवाखान्यात घेऊन गेलेला तोच.

एका पातळ दाराचं काम होतं. दार बाकावर आडवं, कडेबाहेर थोडं काढलेलं. डाव्या हाताने खालून आधार, उजव्या हातात मशिन. पहिला स्क्रू गेला. दुसरा आत गेला आणि जातच राहिला. भाऊजींनी खटका सोडला तो कर्रर्र आवाज बदलल्यावर. तिसरा स्क्रू घ्यायला गेले, तर डावा हात दाराखालून निघेना. त्यांना वाटलं, बाही अडकली. ते हात ओढत राहिले. रंगाऱ्याने खाली बघितलं तर रक्ताची धार लागलेली. स्क्रू दारातून आरपार जाऊन त्यांच्या बोटात शिरला होता.

"ओरडले नाहीत, वहिनी," रंगारी म्हणाला. "मला विचारतात, हे रक्त कुणाचं?"

मी आणि हे दवाखान्यात पोचलो तेव्हा बोटाला टाके घालून झाले होते. पण डॉक्टरांना बोटापेक्षा दुसरीच काळजी होती. त्यांनी भाऊजींना डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "सुई टोचतो. कुठे टोचली ते सांगा."

भाऊजी जरा थांबले. "अंगठ्याला," म्हणाले.

डॉक्टरांनी सुई टोचलीच नव्हती. ती त्यांच्या हातातच होती.

दोन्ही मनगटांतली शीर चेपून गेली आहे, असं ते म्हणाले. काम काय करता, विचारलं. भाऊजींनी तळहाताने दाबून दाखवल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. ऑपरेशन केलं तर आणखी बिघडायचं थांबेल, गेलेलं परत येणार नाही. आधी का नाही आलात, हेही त्यांनी विचारलं. भाऊजींऐवजी आम्ही दोघंच खाली बघत उभे राहिलो.

बाहेरच्या बाकड्यावर मी त्यांना धारेवर धरलं. मला त्या पंपाचा राग आला होता, मालकांचा आला होता आणि सगळ्यांत जास्त भाऊजींचा. "किती वर्षं झाली हे?"

"झाली बरीच."

"आणि काम कसं करत होता?"

मग त्यांनी सांगितलं, अगदी हळू आवाजात. स्क्रू बसला की पंपाची मूठ खाली जायची थांबते, ते खांद्याला कळतं. शेवटचा जरासा वेढा खाच उभी होईपर्यंत द्यायचा, ते डोळ्याला दिसतं. "बोटांना काही विचारावं लागत नाही, वहिनी. मशिनचा खटका दाबलाय की सोडलाय, ते बोटालाच कळायला हवं."

ज्या खाचांचं गिऱ्हाइकांपुढे कौतुक व्हायचं, त्याच ह्या माणसाची कुबडी होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. भाऊजींनी ती झाकायला तेच हत्यार धरलं, ज्याने मूठ खाल्ली होती.

"सांगितलं असतं तर आकाश कोसळलं असतं का?"

"घरी बसवलं असतं."

"आता काय वेगळं झालं?"

"तेवढी वर्षं तरी मिळाली की," म्हणाले. मला त्यांच्या एक ठेवून द्यावीशी वाटली आणि रडूही आलं.

ऑपरेशन झालं. मालक घरी येऊन गेले, चांगलं बोलले, कामाचं बोलले नाहीत. भाऊजी घरात बसून राहायला लागले. आताशा ते दोन्ही हात मांडीखाली घालून बसतात.

परवा लेक आली, तान्ह्या मुलीला घेऊन. म्हणाली, "काका, घ्या ना हिला." भाऊजी भिंतीला टेकले.

मी सवयीने म्हटलं, "घ्या की, चावत नाही ती!"

"वहिनी, हातातून सुटली तर मला कळणार नाही."

लेकीने बाळाला त्यांच्या मांडीवर आडवं ठेवलं आणि स्वतः हाताचा आधार देऊन शेजारी बसली. भाऊजी तिला सासरची खुशाली विचारायला लागले. पाणी वेळेवर येतं का, जावयांची कामाची पाळी बदलली का. तेवढ्यात बाळाने त्यांच्या उजव्या हाताचं बोट पकडलं. चांगलं घट्ट, मुठीत. भाऊजींचं बोलणं चालूच राहिलं. बाळ बोट ओढत होतं आणि ते विचारत होते, घरभाडं वाढलं का.

मला बघवेना. मी म्हटलं, "भाऊजी, बोट धरलंय तिने तुमचं."

त्यांनी झटकन खाली बघितलं. बराच वेळ बघत राहिले.

"हो," म्हणाले. "कळलं मला."