डस्टी, डस्टियर आणि मी

इंग्रजीतलं एक साधं विशेषण शिकवताना माझ्या डोक्यावर दोन टोपल्या माती पडली. विशेषण होतं ‘डस्टी’.

त्या वर्षी अधिक महिना ज्येष्ठात आला होता, म्हणजे ऐन फुफाट्यात. अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे खायला बोलावतात. जावई म्हणजे साक्षात नारायण, असा सासरच्यांचा समज असतो आणि जावयाची तर खात्रीच असते! मी मंठ्याला इंग्रजीचा मास्तर, सासर हसनाबादचं. सासऱ्यांना जावई दोन. थोरले वाटूरचे रंगनाथराव, धाकटा मी. त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता, माझ्याकडे बी.एड. होतं. हसनाबादेत ट्रॅक्टरला किंमत होती.

लग्न झाल्यापासून बघत होतो. पाय धुवायचे ते आधी रंगनाथरावांचे, मग उरलेल्या पाण्यात माझे. (पाण्याची टंचाई होती, मान्य. पण ती नेमकी माझ्याच पायांपाशी कशी यायची?) आणि जेवायला सवण्याखालचा पाट कायम त्यांचा. सासरचं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, खिडक्या नावापुरत्या. उजेड यावा म्हणून छताला जे भोक ठेवतात ते सवणं. त्याच्याखाली बसणाऱ्याला ताटातलं दिसायचं. मी कोपऱ्यातल्या अंधारात, मीठ समजून लोणच्यात बोट घालायचो!

“यंदा त्या पाटावर मी बसणार,” मी एस.टी.त बायकोला बजावलं.

“बसा की. बसून काय दिवे लावणार?” ती म्हणाली. माणसानं घरी आणि सासरी दोन्हीकडे अपमान सोसायचा म्हणजे काय!

पोचलो तेव्हा माझा पांढरा सदरा मातकट झाला होता. रंगनाथराव आधीच बाजेवर पान चघळत पडले होते. मेहुणा दत्ता माळवदावरून खाली उतरत होता. मृगाच्या आधी छतावर नवी माती टाकतात, ते काम चाललं होतं. सवण्यावर पत्रा अर्धा ओढून त्यावरच त्यानं मातीचा ढीग घातला होता. मी तो पाहिला, पण मातीकडे लक्ष द्यायला मी काय ट्रॅक्टरवाला होतो?

“लई धुराळा लागला जनू रस्त्यानं,” सासरे म्हणाले.

“व्हेरी डस्टी!” मी म्हणालो.

दत्ता थबकला. पठ्ठ्या बारावीच्या इंग्रजीत दोनदा आपटला होता. “दाजी, डस्टी म्हंजे?”

बस्स! ट्रॅक्टरला इंग्रजी शिकवता येत नाही. मी बाह्या सारल्या.

“डस्ट म्हणजे धूळ, हे नाम. डस्टी म्हणजे धुळीनं भरलेलं, हे विशेषण. आता उदाहरण.” मी कपाटावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांना दाखवलं. “द कबर्ड इज डस्टी!”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

“काय म्हणून राह्यले जावईबापू?” सासूबाईंनी आतून विचारलं.

“कपाट घाण हाय म्हनते!” दत्तानं भाषांतर केलं. (असं भाषांतर करणारा दोनदाच कसा नापास झाला, हेच आश्चर्य.)

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. खास आमच्यासाठी फिकट गुलाबी इरकल नेसल्या होत्या. मला पुढचं उदाहरण आयतंच मिळालं! “रंगालाही डस्टी म्हणतात. भडक नसलेला, जरा मातकट. आईंचं लुगडं बघ, डस्टी पिंक!”

“आये, तुझं लुगडं मळकं हाय म्हनते!”

“आवो, कालच घडी मोडली मी!” सासूबाई कासावीस झाल्या. माझी बायको मागून खुणा करत होती. अडाणी लोकांपुढे शिक्षकानं मागे बघायचं नसतं.

“मास्तर,” रंगनाथराव बाजेवरून म्हणाले, “यानं पोरगं पास हुईल का?”

“तुम्हाला काय कळतंय त्यातलं?” मी ताडकन म्हणालो आणि दत्ताकडे वळलो. “बघ, अशा तुसड्या उत्तराला म्हणतात डस्टी आन्सर!”

रंगनाथरावांनी शांतपणे पानाची पिंक टाकली. मी जिंकलो होतो. तिथंच थांबायला हवं होतं, पण व्याकरणात तरतम भाव म्हणून एक प्रकार असतो.

“कपाट डस्टी. त्याहून आजोबांचा फोटो, डस्टियर. आणि सगळ्यांहून हे छत! द रूफ इज द डस्टिएस्ट!”

दत्तानं तेही इमानेइतबारे पोचवलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “सकाळपासून दोनदा झाडलं वो मी घर. नारायण जेवायचा म्हून एक जाळं ठेवलं न्हाई!”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण तेवढ्यात पानं मांडली आणि माझं सगळं लक्ष पाटाकडे गेलं. सासरे परात घेऊन आले, तर मी सवण्याखाली जाऊन मांडी ठोकलेली! त्यांनी गुमान आधी माझे पाय धुतले. रंगनाथराव कोपऱ्यात गेले. ताटात धोंडे आले, वर तुपाची धार. लग्नानंतर पहिल्यांदा मला सासरचं जेवण दिसत होतं.

सासूबाई मात्र छताकडे बघत होत्या. सवण्याच्या कडेला एक जळमट खरंच लोंबत होतं. “जावईबापू, उठा जरा. दत्ता जाळं काढून घेईल.”

उठू? आणि रंगनाथराव बसले म्हणजे? “मी आहे तिथं ठीक आहे,” मी म्हणालो. “काढू दे त्याला.”

दत्तानं बांबूला झाडू बांधला.

“पत्र्याला लावू नको! वर माती हाय!” सासरे ओरडले.

दत्तानं पत्र्यालाच लावला.

पत्रा सरकला आणि नवी माती, जुनी माती, ते जळमट आणि एक पाल असं सगळं विशेषणासकट माझ्यावर आलं! धोंडे गेले, तूप गेलं, सदरा तर आधीच गेला होता. मग कोपऱ्यातल्या स्वच्छ अंधारातून रंगनाथरावांचा आवाज आला, “जरा तूप वाढा इकडं.”

सासूबाई पुढे आल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. डोळे आता कोरडे होते. “झालं का छत साफ, जावईबापू?”

आणि दत्ता! माझ्याकडे टक लावून बघता बघता त्याचे ओठ हलले आणि आयुष्यातलं पहिलं बिनचूक इंग्रजी वाक्य बाहेर पडलं, “दाजी इज द डस्टिएस्ट!”

“बराबर,” मी माती थुंकत म्हणालो. काय करणार, हाडाचा मास्तर!

दत्ता ऑक्टोबरात पास झाला. श्रेय त्यानं सबंध गावात मला दिलं, उदाहरणासकट. आणि सवण्याखालचा पाट तेव्हापासून कायमचा माझा झाला. रंगनाथराव स्वतः हाताला धरून मला तिथं बसवतात. मीही मानानं बसतो. फक्त बसण्याआधी एकदा वर बघतो.