हनुवटीबाई

हनुवटीबाईंना माणसांची नावं अजिबात लक्षात राहत नसत. जबडा मात्र एकदा पाहिला की त्या जन्मात विसरायच्या नाहीत. परळच्या आमच्या डेंटल कॉलेजात त्या ओरल पॅथॉलॉजी शिकवायच्या, म्हणजे तोंडातले रोग, आणि त्याच्या जोडीला चेहरा कसा वाढतो तेही. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तू गं, खालचा जबडा मागे राहिलेली, फळा पूस." वर्ग खो खो हसला. घरी येऊन मी कितीतरी वेळ आरशासमोर उभी होते. आई म्हणाली, "कोण गो ती बाय? तिका सांग, आमच्याकडे सगळ्यांची हनुवटी अशीच आसा." तोंडावर मॅडम आणि पाठीमागे हनुवटीबाई, हे नाव त्याच आठवड्यात पडलं, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं.

चेहऱ्याची वाढ त्यांनी पुस्तकातून शिकवलीच नाही. प्रत्येकाला बारशापासूनचे आपले फोटो आणायला लावले आणि भिंतीवर ओळीने चिकटवले. "बघा, बाळाचं डोकं केवढं आणि तोंड केवढुसं. मेंदूला घाई असते, तो आधी जागा अडवतो. चेहरा त्याच्याखालून निघतो तो खाली आणि पुढे. खालचा जबडा सगळ्यांत शेवटी पोचतो." एका मुलाच्या नववीतल्या फोटोत नाक पुढे आलं होतं आणि बाकीचा चेहरा अजून वाटेत होता. आम्ही पोट धरून हसलो. बाई भडकल्या. "हसताय काय? तेव्हा त्याचं बांधकाम चालू होतं!" वयात येणाऱ्या, आरशाला कंटाळलेल्या कितीतरी मुलांना मी हेच वाक्य ऐकवलं आहे.

लग्नाला बोलावलं तर बाई गिरगावातून नटूनथटून यायच्या, अक्षता टाकायच्या आणि नवरा-नवरीचे जबडे न्याहाळून वरमाईच्या कानात सांगायच्या, "नातवंडांच्या दातांना तारा लागणार हं." त्यांना जेवायला बोलावणं हे तर धाडसच. समोरचा घास कसा चावतो, हे त्या टक लावून बघत. तरी आमच्या काळाचौकीच्या घरी दीड दिवसाचा गणपती आला तेव्हा मी त्यांना बोलावलंच.

त्या पंगतीत माझा मामा होता. मामा म्हणजे आमच्या गल्लीच्या मंडळाचा जुना कार्यकर्ता, तंबाखू-सुपारीचा भक्त, आणि अख्खा मोदक तुपासकट एका घासात गडप करण्याबद्दल नातेवाइकांत प्रसिद्ध. त्या दिवशी तो मोदक फोडून, चिमटी-चिमटीने खात होता. आम्हांला वाटलं, मॅडमसमोर लाजतोय. बाईंचा हात मात्र पानावर थांबला. हात धुतल्या-धुतल्या त्यांनी मामाला चाळीच्या गॅलरीत नेलं, "आ करा" म्हणाल्या. त्याचं तोंड नीट उघडेना. गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा, खरखरीत चट्टा होता. "कॉलेजात या. बारीकसा तुकडा काढून तपासू."

मामा हसला. "कापला की पसरता, मॅडम. आमच्या गावात एकाचा असाच झाला." मग मला म्हणाला, "माका काय होवचा नाय गो." आणि तो आला नाही. आईने रडून पाहिलं, मी भांडून पाहिलं. तो चट्टा कसला असू शकतो, हे मी नुकतंच शिकले होते, त्यामुळे माझी झोप उडाली होती. बाई रोज फक्त "मामा?" एवढंच विचारत आणि मी मान हलवत असे.

मंडळाच्या गणपतीचं विसर्जन झाल्यावर बाई एका रविवारी स्वतः मंडळाच्या कार्यालयात आल्या. मामाकडे त्यांनी पाहिलंही नाही. अध्यक्षांना म्हणाल्या, "मला इथे तोंड तपासणी शिबिर घ्यायचंय. कोणीतरी खमका शिबिरप्रमुख द्या." खमका म्हटल्यावर दुसरं कोण असणार? पुढच्या रविवारी मामा छातीला बिल्ला लावून, हातात माईक घेऊन रांग लावत होता. बाई लाल खुर्चीत बसून तोंडं बघत होत्या, आम्ही विद्यार्थी बॅटरी धरून उभे. एका पोराला बाईंनी तुकडा तपासायला बोलावलं, तसा तो चप्पल शोधायला लागला. मामाने त्याला माईकवरूनच झापलं. "ए, पळतोस काय! एवढासा तुकडा काढतात. बधिर करतात आधी. मुंगी चावल्यासारखं होतं. पसरत-बिसरत काही नाही, सगळ्या अफवा आहेत!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "शिबिरप्रमुख, आता तुम्ही बसा."

सगळी गल्ली बघत होती. माईक चालूच होता. मामाने बिल्ला सरळ केला आणि खुर्चीत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉलेजच्या दारात माझ्याआधी हजर होता.

स्लाइड तयार झाली त्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. दोघींना एकदम बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. मी म्हटलं, "मॅडम, तुम्हीच सांगा." त्या म्हणाल्या, "काचेवर नातं लिहिलेलं नसतं. काय दिसतं ते सांग." मी डोळा लावला. पेशी वेड्यावाकड्या झाल्या होत्या, काही नको तेवढ्या गडद. मी दिसेल तसं सांगत गेले. बाई म्हणाल्या, "खाली जा. रेघेपर्यंत जा." वरच्या थराची आणि खालच्या मांसाची सीमा असते ती रेघ. बिघडलेल्या पेशी ती ओलांडून गेल्या की कॅन्सर. मी काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवली, मग पुन्हा सरकवली. "रेघ सलग आहे, मॅडम. कुठेच तुटलेली नाही." मी मान वर केली, तर बाई चष्मा पुसत होत्या. "मी सकाळीच पाहिली होती," त्या म्हणाल्या. "पण मामाला हे तू सांगायचंस, आणि दुसऱ्याचं ऐकून नाही."

चट्टा काढला. तंबाखू सोडताना मामाने घर डोक्यावर घेतलं, पण सोडली.

बाई गेल्या वर्षी गेल्या. निवृत्तीनंतर त्या वडाळ्याला राहायला गेल्या होत्या. जवळचं असं फारसं कोणी नव्हतं. मी धावतपळत पोचले, तेव्हा बाईंना जिन्यावरून खाली आणत होते आणि पुढच्या खांद्याला मामा होता. पांढऱ्या केसांचा, दम लागलेला, पण कोणी बदलायला आलं तरी खांदा सोडायला तयार नसलेला. मला पाहून तो एवढंच म्हणाला, "गो, सर बाजूक. मी आसंय."