मुक्ताबाईची अठ्ठावन्नावी लेवल

मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या बाईला गावाची निम्मी गुपितं कळतात. मी कुणाची सांगत नाही. हे सांगते, कारण मुक्ताच म्हणाली, "सांगा की अक्का. आमी काय चोरी केली का?" चोरी नव्हतीच. चूक झाली होती, आणि त्या चुकीचं बटण दाबणारा अंगठा माझा होता. म्हणून माझ्या तोंडूनच ऐका.

मी महादेवी. घाटनांदूरला स्टेशनच्या वाटेवर आमचं दुकान आहे. अर्ध्यात आमच्या ह्यांचा किराणा, अर्ध्यात माझं रिचार्ज आणि दुरुस्ती. मुक्ताबाई गावाबाहेरच्या वस्तीवरची. अंगाची हळद उतरायच्या आत ती नवऱ्याबरोबर उसाला गेली आणि पुढं पंधरा हंगाम जातच राहिली. उसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो. बायको वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बाजूला काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते. मुकादम हाक मारतो ती मात्र नवऱ्याच्या नावानं. मुक्ताच्या कोयत्याचं नाव बिभीषण. मुक्ताचं नाव पंधरा वर्षांत कुणाला लागलंच नाही.

बिभीषण म्हणजे बोलका गडी. दोन फडांच्या पलीकडून आवाज यायचा म्हणतात. एकोणीस साली संक्रांत झाली आणि चौथ्या दिवशी कोयता सटकला. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्हीच्या शिरा गेल्या. टाके पडले, जखम भरली, पण ती दोन बोटं काही वाकेनात. डाव्या हातात ऊस धरता येत नसेल तर उजव्या हातातला कोयता घेऊन काय ओवाळायचंय? मुकादम म्हणाला, "बिभीषण, तू आता अर्धा कोयता बी न्हाईस बे." माणसाच्या तोंडावर असं बोलतात का? जीभ झडत नाही एकेकाची!

परत आले तर इकडं दुष्काळ. विहिरी कोरड्या, कडबा संपलेला. दूध संस्थेनं गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली होती. दोघांनी बैलजोडी तिथं नेऊन बांधली आणि शेजारी पाल टाकून राहिली. छावणीत काम काय? संस्थेचा ऊस आला की तुकडे करून जनावरांपुढं टाकायचा, टँकर आला की पाणी पाजायचं, बाकी दिवस उन्हात काढायचा. ते सगळं मुक्ताच करायची. बिभीषण डावा हात टावेलात गुंडाळून पालाकडं तोंड करून पडलेला. जेवतोस का, तर मान हलवायची. दुखतंय का, तर तेही नाही. दीड महिना तो माणूस एक धड वाक्य बोलला नाही.

एके दिवशी मुक्ता माझ्याकडं फोन घेऊन आली.

"अक्का, ह्याच्यात कायतरी टाका. भजन नको, सिनेमा नको. ते नुसते बघत बसतेत अन् परत तोंड फिरवतेत. ह्यांना कायतरी करावं लागंल असं टाका."

तेव्हा सगळीकडं 'सप्तगड' नावाच्या खेळाचं खूळ होतं. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं काढलेला. कुठली कुठली हजारो माणसं एकाच वेळी त्यात फिरत असतात, ज्याची त्याची एकेक आकृती, तिला 'गडी' म्हणायचं. राक्षस मारला की 'अनुभव' मिळतो, अनुभव साठला की लेवल वाढते, लेवल वाढली की नवं बळ. दहाव्याला घोडा, पंचविसाव्याला ढाल, साठाव्याला सातव्या गडाचा दरवाजा उघडणार. अनुभवावरून माणसाची पायरी ठरवणारी ही कंपनी मला बरी वाटली. आमच्याकडं आडनावावरून ठरते.

मी खेळ टाकला. पुढं नियमांची पानंच्या पानं आली. मी विचारलं, "कोण खेळणार?"

"आमी."

"आमी म्हणजे किती जणं?"

"आमी म्हणजे आमी. एक कोयता."

झालं! मी एक खातं काढलं, नाव टाकलं बिभीषण, आणि नियम न वाचता 'मान्य' दाबून मोकळी झाले. तुम्ही तरी वाचता का?

त्या खेळात पडद्याच्या डाव्या बाजूला चालवायचं चाक असतं आणि उजव्या बाजूला शस्त्रांची बटणं. बिभीषणाचा डावा अंगठा कामातून गेलेला, मग चालवणार कसं? मुक्तानं पेंडीच्या पोत्याला टेकवून फोन उभा केला, स्वतः डावीकडं बसली, नवऱ्याला उजवीकडं ओढून बसवलं. चालवायची ती, मारायचा तो. संसारात दुसरं काय असतं म्हणा! पहिल्या दिवशी तिनं गडी नेऊन थेट विहिरीत घातला. आणि दीड महिन्यानं बिभीषणाचा आवाज फुटला, "अगं ए येडे, डावीकडं! डावीकडं!"

ती मला सांगायला पळत आली. चप्पलही घातली नव्हती. "अक्का, मला येडी म्हणले!" म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. नवऱ्यानं येडी म्हटल्याचा एवढा आनंद झालेली बाई मी पहिल्यांदाच बघितली.

मग काय विचारता. छावणीत सगळ्यांचेच दिवस रिकामे. आठ-नऊ जण खेळायला लागले, त्यात मुक्ताच्या वस्तीवरचा म्हाळूही होता. त्यांचं दळ झालं, म्हणजे खेळातली टोळी. पण खेळाची एक खोड होती. राक्षसाला दहा जणांनी मिळून बडवलं तरी शेवटचा घाव ज्याचा, त्यालाच सगळा अनुभव. मोठ्या लेवलचे पटापट शेवटचा घाव घालायचे आणि नवे तिसऱ्या-चौथ्या लेवलवर कुजत पडायचे. म्हाळू तर वैतागून खेळ काढूनच टाकायला निघाला होता.

बिभीषण म्हणाला, "टोळीत असं करतो का आपण? नवा गडी आला तर जाड उसाचा सरा, असली अवघड ओळ त्याला देतो का? पाळी लावा." आणि लावली त्यानं पाळी. जाणत्यांनी राक्षस अर्धमेला करायचा, शेवटचा घाव ज्याची पाळी असेल त्यानं घालायचा. महिन्याभरात छावणीचं अख्खं दळ पंचविशीच्या वर गेलं. पुण्या-मुंबईची दळं खेळातच निरोप टाकून विचारायची, तुम्ही करता काय? सगळ्यांत पुढं ह्या दोघांचा गडी. मे महिना निम्मा झाला तेव्हा त्याची अठ्ठावन्नावी लेवल होती. बिभीषण बसून जेवायला लागला होता, बैलांशी बोलायला लागला होता, मला बघून "काय अक्का, दुकान सोडून उन्हात कावून फिरताव?" असं डाफरायलाही लागला होता. मुक्ता म्हणायची, सातवा गड बघू द्या एकदा, मग मला देवाजवळ काही मागायचं नाही.

आणि म्हाळूची फुशारकी नडली. दुसऱ्या कुठल्या दळाशी त्याची वादावादी झाली आणि त्यानं सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं, 'आमचा गडी नवरा-बायको मिळून चालवतेत, तुमची काय टाप!' कुणीतरी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर ओळ आली. एका खात्यावर एकच व्यक्ती खेळू शकते. नियमभंगामुळे आपले खाते बंद करण्यात आले आहे.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. मुक्ता दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा मला बघवेना.

"अक्का, ते परत पालाकडं तोंड करून पडलेत. सकाळपास्नं च्या बी घेतला न्हाई. तुमी ते नियम वाचले न्हवते का?"

मला माझाच संताप आला, आणि संताप आला की मी डोकं लढवते, बहुधा वाकडं. मी म्हटलं, "लिहून टाकू, एकटे बिभीषणच खेळतात, म्हाळू थापा मारतोय."

"खोटं कावून लिहायचं? आमी दोघं खेळतो. पंधरा वर्सं दोघांनी एकच काम केलंय, ते कुणाला चाललं न्हाई असं झालं न्हाई. मंग आताच काय झालं?"

मग तिनंच सुचवलं, नुसतं लिहून कुणाला पटणार, आपण कसं खेळतो त्याचं चित्रण करून पाठवू. मी दुकान आमच्या ह्यांच्या गळ्यात घातलं आणि तिच्याबरोबर छावणीवर गेले.

बिभीषणानं ऐकून घेतलं आणि हात टावेलात आणखीच आत नेला. "हात दाखवून अवलक्षण कावून करून घेऊ? अख्ख्या पुण्याला दाखवू का, हा बघा थोटा?"

दवाखान्यातून आल्यापासून त्यानं तो हात मुक्तालासुद्धा नीट बघू दिला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. मुक्ता त्याच्या समोर जाऊन बसली. मी तिथं आहे हे ती विसरलीच असावी.

"मला त्या खेळाचं काय बी न्हाई," ती म्हणाली. "गेला तर गेला. पर तुमी तोंड फिरवलं की मी ह्या माळावर बैलासंग बोलते. मला लई भ्या वाटतं वो. दीड महिना मी रडले न्हाई, म्हणलं मी रडले तर तुमाला कोण बघणार. आता परत तसं झालं तर माझ्यानं न्हाई व्हायचं."

बिभीषणानं एकेक वेढा काढत टावेल सोडला. दोन बोटं ताठ, वाळलेल्या पऱ्हाटीच्या काड्यांसारखी. मी चित्रण करत होते. पहिल्यांदा त्याचा हात, मग ती डावीकडं, तो उजवीकडं, मध्ये बंद पडलेला खेळ. मुक्ता बोलली, "नमस्कार. ह्यांना एका हातानं जमत न्हाई, मला एकटीला खेळ कळत न्हाई. आमी दोघं मिळून एक हाव. एवढंच सांगायचं होतं."

खात्याचं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. खातं परत मिळालं नाही. नियम तो नियम. अठ्ठावन्न लेवली पाण्यात गेल्या. पण दिवाळीच्या सुमाराला कंपनीनं खेळाची पद्धतच बदलली. आता एका फोनवर दोघांनी मिळून 'जोडी' म्हणून खेळता येतं, नाव दोघांचं लागतं. आणि राक्षस पडला की वाट काढणारा, ढाल धरणारा, औषध देणारा, सगळ्यांना अनुभव वाटून मिळतो. मुक्ता-बिभीषणांनी पहिल्या लेवलपासून सुरुवात केली. ह्यामागं छावणी आहे हे त्या कंपनीनं कुठं छापलं नाही, पण आम्हाला माहीत आहे, कारण त्याआधी त्यांचा फोन माझ्या दुकानात आला होता.

कंपनीला चित्रण पाठवताना मी माझाच नंबर दिला होता. बाराव्या दिवशी फोन वाजला. मे सरत आला होता, रोहिण्या कोरड्या चालल्या होत्या, दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. चार्जिंगला लावलेला फोन न्यायला मुक्ता आणि बिभीषण नेमके आलेले. पलीकडं कंपनीतली बाई, बोलायला मऊ. फार वाईट वाटतंय, पण खातं उघडता येणार नाही, म्हणाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात बिभीषणानं उजव्या हातानं फोन माझ्याकडून काढून घेतला.

"म्याडम, खातं ऱ्हाऊ द्या. तुमच्यात ही लेवल ठरवली कुनी?" आवाज असा की आमच्या ह्यांनी किराण्याच्या बाजूनं डोकावून बघितलं. "शेवटचा घाव घालनाऱ्याला सगळा अनुभव, ह्यो कुठला न्याय? आवो, मारतो मी, पर राक्षसापातूर मला नेती ही. ही चाललीच न्हाई तर माझा घाव हवेत जाईल. खात्यावर नाव कुनाचं? माझं. उसात बी तेच. तोडतो मी, अन् मोळ्या कोन बांधतं? गाडी कोन भरतं? पंधरा वर्सं समदे मला कोयता म्हणले, मला बी बरं वाटायचं. हिची लेवल कुनी वाढवली? मी बी न्हाई वाढवली, म्याडम. चुकलंच माझं. पर तुमी तर शिकल्या-सवरल्या हाव!"

गिऱ्हाइकं बघत होती. मी त्याला हळू बोलायची खूण करायला गेले तर मुक्तानं माझं मनगट धरलं. घट्ट. ती रडत होती आणि पुसत नव्हती.

"भांडू द्या अक्का," म्हणाली. "लई दिसानं भांडायलेत. अन् माझ्या बाजूनं तर पयल्यांदाच."

बिभीषण पाळी कशी लावायची ते सांगत होता, टोळीत नव्या गड्याला कसं शिकवतात ते सांगत होता. पलीकडची बाई मध्ये मध्ये थांबवून विचारत होती, लिहून घेत असावी. वीस मिनिटं झाली, अर्धा तास झाला. शेवटी मुक्तानं पदरानं तोंड पुसलं आणि पुढं होऊन नवऱ्याचा तो डावा हात धरला, ताठ बोटांसकट.

"आवो, ठेवा आता. त्या बाईला बी घरदार असंल."

त्यानं हात सोडवून घेतला नाही. फोनवर तळवासुद्धा न ठेवता, त्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाला, "थांब जरा, मुक्ताबाई. अजून लई सांगायचंय."