गिलिस वांड्रोमचा अंगठा

गिलिस वांड्रोम वाईट माणूस आहे असं त्याच्या गावात कुणी म्हणणार नाही, आणि पंचाईत तीच आहे. वाईट माणसाला निदान शिव्या घालून मोकळं होता येतं. हा पडला सज्जन, शाळामास्तर, वर्षानुवर्षं भूगोल शिकवलेला. पश्चिम फ्लँडर्सच्या त्या, बिअरमध्ये घालायच्या हॉप्सच्या शेतांमधल्या गावात निम्म्या लोकांनी त्याच्या तासाला डुलक्या काढल्या होत्या, आणि त्याच लोकांनी पुढे त्याला मतं देऊन युरोपच्या संसदेत पाठवलं.

शिकवणं कंटाळवाणं असलं तरी त्याची एक गोष्ट पोरांच्या लक्षात राहायची. तो पोरांना शेजारच्याच्या सदऱ्याची कॉलर उलटी करून आतली पट्टी वाचायला लावायचा. हा सदरा कुठल्या देशात शिवला? कुणी शिवला? त्याला काय मिळालं? पोरं खिदळायची, एकमेकांच्या मानेला गुदगुल्या करायची. पण गिलिसला मनापासून वाटायचं की जगाचा सगळा भूगोल त्या पट्टीत आहे. "आपण काय घेतो, काय विकतो आणि त्याचं पुढे काय होतं, हे विचारायचं की नाही?" हे त्याचं आयुष्यभराचं एकच वाक्य. ते त्याने शाळेतून नगरपालिकेत नेलं आणि नगरपालिकेतून ब्रसेल्सला. महिन्यातून एकदा संसदेचं बिऱ्हाड स्ट्रासबर्गला हलायचं, तेव्हा पेट्यांबरोबर ते वाक्यही तिकडे जायचं.

चेहरा ओळखणारे कॅमेरे निघाले आणि युरोपातल्या कंपन्या ते जगभर विकू लागल्या, तेव्हा या वाक्याला खरी धार आली. "पूर्वी आपण बंदुका विकायचो आणि म्हणायचो, आम्हाला काय ठाऊक कुणावर झाडल्या. आता आपण डोळे विकतोय. ते कुणाला शोधतायत हे तरी विचारा," असं तो सभागृहात म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे कबूल केलंच पाहिजे. पण मत बरोबर असलं की माणसाला हळूहळू आपणही देखणे आहोत असं वाटू लागतं. गिलिस साठीला टेकल्यावर केस मागे वळवून बसवायला लागला तो याच काळात.

कॅमेऱ्यांच्या चौकशीत साक्ष द्यायला झुल्फिया आली होती. देश सोडून आलेली बाई, गेंटमध्ये एका बेकरीत भल्या पहाटेपासून पाव भाजायची. तिचा एकुलता एक मुलगा, दावरोन, तिकडे कॉलेजात होता. एके दिवशी तो बसथांब्यावर हातात पुठ्ठ्याची पाटी घेऊन उभा राहिला. तोंडावर फडकं बांधलेलं होतं. तरी थांब्यावरच्या कॅमेऱ्याने त्याच्या कपाळावरून आणि डोळ्यांवरून त्याला ओळखला. त्याच रात्री पोलिसांनी उचलला. खटला नाही, वकील नाही, भेट नाही. कॅमेरा युरोपातला होता.

गिलिसने तिला संसदेच्या उपाहारगृहात नेलं, फ्राइज मागवले आणि समजावून सांगितलं. "हे बघा, त्यांच्या सरकारला आपलं कापड इथे जकातीशिवाय विकायचंय. तसा कायदा येतोय. मी त्यात एक अट घालतोय. सवलत घ्या, पण आधी कॅमेऱ्यांनी पकडलेली पोरं सोडा."

"सोडतील?"

"कापडासाठी ते वाट्टेल ते करतील. सगळी तयारी ठेवलीय त्यांनी, आम्हाला आतून कळलंय. फक्त अट मंजूर व्हायला हवी."

"होईल?"

गिलिसने तोंडातला घास संपवला, हात पुसले आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. "शब्द देतो," तो म्हणाला. शेजारी त्याची सहायक आनेलोर बसली होती. सगळी भाषणं तीच लिहायची. तिला हे शब्दबिब्द देणं आवडलं नाही.

आणि मतं खरोखरच जमली. गिलिसने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं, पाच वर्षं दारोदार फिरला होता. उदारमतवादी आले, पर्यावरणवाले हिरवे आले, कुंपणावरचे काही इकडे उतरले. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी बेरीज पक्की होती.

आता मतदान तिथे कसं होतं ते ऐका. दुपारच्या जेवणाआधी कायद्यांच्या मसुद्यांवरच्या शेकड्याने दुरुस्त्या मतदानाला येतात. अध्यक्ष नुसते क्रमांक वाचतात: बाजूने, विरुद्ध, बंद, पुढचा. आपण कशावर बटण दाबतोय हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि त्याची कुणाला लाजही वाटत नाही. ज्याचा विषय असेल तो सभासद आपल्या पक्षगटाच्या पहिल्या रांगेत बसतो आणि हात उंच धरतो. अंगठा वर असेल तर होय, खाली असेल तर नाही. मागचे दीडशे जण अंगठा बघून बटण दाबतात आणि मनात कसल्या कोंबडीचा बेत आहे याचा विचार करतात. त्या दिवशी अंगठा गिलिसचा होता.

क्रमांक साठ म्हणजे विरोधकांची दुरुस्ती: ही अटच नको. तिला अंगठा खाली. क्रमांक एकसष्ट म्हणजे गिलिसची अट. तिला अंगठा वर. शेंबड्या पोरालाही जमेल इतकं सोपं होतं.

वर प्रेक्षकांच्या सज्जात झुल्फिया बसली होती, तिच्या शेजारी आनेलोर. आणि त्यांच्या मागे गिलिसच्या गावाकडच्या वाहिनीचा कॅमेरावाला. त्याला गिलिसनेच बोलावलं होतं. संसदेत चोवीस भाषांचा कालवा असतो, म्हणून प्रत्येकाच्या कानावर भाषांतराचा हेडफोन. पण हेडफोनने केस चपटे होतात. गिलिसने तो काढून गळ्यात अडकवला, केसांवरून हात फिरवला आणि मान किंचित वर करून बसला. क्रमांक काय, समोरच्या पडद्यावर दिसतातच, असा त्याचा हिशेब होता.

विरोधकांनी आपली दुरुस्ती ऐन वेळी मागे घेतली. पडणारच होती, मग हसं कशाला करून घ्या. अध्यक्षबाई त्यांच्या लॅटव्हियन भाषेत म्हणाल्या, साठ मागे घेतली आहे, आता एकसष्ट. सगळ्यांच्या कानात ते भाषांतर होऊन पडलं. गिलिसच्या गळ्यात पडलं. तो तेव्हा सज्जाकडे बघून झुल्फियाला मान डोलावत होता. मान वळवली तेव्हा अध्यक्षांचा सूर मतदानाचा होता, म्हणून पडद्याकडे न बघताच, साठच चालू आहे असं धरून त्याने हात उंच केला आणि अंगठा खाली धरला.

मागे ज्यांचं लक्ष होतं असे चारपाच जण चरकले. पण मास्तरांचाच विषय, मास्तरांचीच अट. रात्री काही तडजोड झाली असेल, आपल्याला कोण सांगतंय. त्यांनीही दाबलं. शेजारी पोर्तुगालचा बेल्मिरो होता. त्यानेही अंगठा पाहिला, खांदे उडवले आणि दाबलं. गिलिसने स्वतःच्या हाताने, चांगलं ठासून, आपलीच अट पाडली.

पडद्यावर लाल आलं: नामंजूर. गिलिसला वाटलं विरोधक आडवे झाले. तो उठला आणि सज्जाकडे बघून त्याने दोन्ही हात वर केले. वर आनेलोर उभी राहून वेड्यासारखे हात हलवत होती, नाही, नाही म्हणून. त्याला वाटलं पोरगी आनंदाने नाचतेय. झुल्फियाला यातलं काहीच कळत नव्हतं. तिला फक्त साहेबांचे वर गेलेले हात दिसले. ती तोंडावर ओढणी धरून हुंदके देऊन रडू लागली, आणि कॅमेरावाल्याने ते छान जवळून टिपलं.

"काय रे गिलिस," बेल्मिरो त्याची बाही ओढून म्हणाला, "स्वतःचीच का पाडलीस? रात्री ठरलं होतं का काही?"

"साठ पडली ना?"

"साठ कुठली? साठ त्यांनी मागे घेतली. कानात बोळे घातलेस की काय!"

आता गिलिसने पडद्यावरचा क्रमांक वाचला: एकसष्ट. त्याने हात वर करून बोलायला मागितलं. चूक झाली, माझी चूक झाली, पुन्हा मतदान घ्या. अध्यक्षबाईंनी शांतपणे सांगितलं, "माननीय सदस्य, मतदान बंद झालं म्हणजे बंद झालं. आपल्या मताची दुरुस्ती नंतर नोंदवा. क्रमांक बासष्ट." मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, तास संपला, पोरांना जेवायला सोडा!" सभागृह खो खो हसलं. कुणाच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांना भूक लागली होती.

दिलेल्या मताच्या दुरुस्तीची सोय तिथे खरंच आहे, आणि तिच्याइतकी क्रूर सोय मी दुसरी पाहिलेली नाही. चुकून भलतं बटण दाबलं तर सभासदाने कळवायचं: मला असं नव्हे, तसं मत द्यायचं होतं. ते इतिवृत्तात रीतसर छापलं जातं. निकाल मात्र तोच राहतो. संध्याकाळपर्यंत गिलिसच्या गटातल्या सगळ्यांनी दुरुस्ती कळवली, अगदी कर्तव्यदक्षपणे. दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. बेरीज केली तर अट दणदणीत मतांनी मंजूर होत होती. जकातमाफी विनाअट लागू झाली, दहा वर्षांसाठी.

"बघ," बेल्मिरो पाठीवर थाप मारून म्हणाला, "नैतिक विजय आपलाच!"

झुल्फियाला सांगायचं राहिलं होतं. आनेलोरने साफ नकार दिला. "मी नाही जाणार. शब्द तुम्ही दिला होतात, अंगठाही तुमचाच होता."

गिलिसने तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून सांगितलं. तिचं फ्लेमिश तोडकंमोडकं होतं. दुरुस्ती हा शब्द तिने बरोबर पकडला आणि तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे चूक झाली होती. आता सुधारली."

"नोंदीत सुधारली."

"मग सोडणार ना?"

"नाही, झुल्फिया. सोडणार नाहीत. पण पुढे कुणी वाचलं तर कळेल की आम्ही सगळे तुमच्या बाजूने होतो."

"कोण वाचणार?"

गिलिसने छापील इतिवृत्त तिच्यापुढे केलं.

"दावरोनला वाचायला देतील का तिथे?" तिने विचारलं. टोमणा मारण्याइतकी भाषा तिला येत नव्हती. तिने खरंच विचारलं होतं. गिलिसला त्या क्षणी मरून जावंसं वाटलं, आणि हे मी त्याच्या बाजूने सांगतो आहे. पण मरावंसं वाटणं आणि फोन उचलून खरं सांगणं यात फार अंतर असतं.

कारण तोवर गावाकडच्या वाहिनीने बातमी दाखवली होती. वार्ताहराला क्रमांकांतलं ओ का ठो कळलं नव्हतं. मास्तरांचे वर गेलेले हात, रडणारी आई, खाली अक्षरं: आपल्या मास्तरांनी जिंकलं. गिलिस ते बघून ताडकन उठला. पक्षाच्या कार्यालयातून फोन आला, "मास्तर, घाई करू नका. निवडणूक तोंडावर आलीय."

"आत्ता फोन करा वाहिनीला," आनेलोर म्हणाली.

"उद्या करतो."

दुसऱ्या दिवशी तो गावात पाव आणायला बाहेर पडला तर खाटीक दुकान सोडून रस्त्यावर आला आणि त्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "मास्तर, तुम्ही वर्गात कॉलरी उलट्या करायला लावायचात, तेव्हा हसलो होतो आम्ही. माफ करा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा माणसाला काय सांगायचं? गिलिसने सांगितलं, "अहो, त्यात काय." आणि मग सांगायचं राहूनच गेलं. आनेलोरने महिनाअखेरीस नोकरी सोडली. जाताना तिने त्याच्याशी हातही मिळवला नाही. आठवड्याभरात बातमीतला तो फोटो प्रचारासाठी गावातल्या खांबाखांबांवर लागला. मास्तर, वर गेलेले हात, कोपऱ्यात रडणारी झुल्फिया. तिला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटची प्रचारसभा गावच्या सभागृहात होती. बिअर होती, सॉसेज होते, बँड होता. गिलिस व्यासपीठावर बोलत होता, व्यापार, माणुसकी आणि यंत्रं, हे तेच जुनं, बरोबर असलेलं मत. मधेच दारातून झुल्फिया आत आली. बेकरीतून थेट गाडीत बसली असावी. बुटांवर पीठ होतं, केसांना जाळी तशीच होती. गिलिसने तिला पाहिलं. त्याला वाटलं आता ही सगळ्यांसमोर बोलणार. आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्याला सुटल्यासारखंही वाटलं.

पण लोकांनी तिला ओळखलं. खांबाखांबावर होतीच ती. "तीच! तीच ती आई!" कुणीतरी वाट करून दिली, खाटकाने हात धरून तिला व्यासपीठावर चढवलं. सगळं सभागृह उभं राहिलं. ती ध्वनिक्षेपकाकडे वळून काहीतरी बोलू लागली. टाळ्यांपुढे तिचं ते तोडकं फ्लेमिश कुठे ऐकू येणार? तिने तीनदा प्रयत्न केला. लोक जास्तच जोरात टाळ्या वाजवू लागले, बिचारी आनंदाने बोलूही शकत नाही म्हणून.

मग गिलिसने तिला जवळ घेतलं. सावरायला घेतलं की गप्प करायला, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. ती त्याच्या कानाशी आली आणि या वेळी तिचा शब्दन्‌शब्द त्याला स्वच्छ ऐकू आला.

"काल निरोप आला, साहेब. दावरोन कोठडीत मेला. या लोकांना सांगा ना, मला सांगता येत नाही."

खालून फोटोवाला ओरडला, "मास्तर, इकडे! दोघंही इकडे बघा!"

गिलिसने तिच्या खांद्यावरचा हात तसाच ठेवला आणि हसून तिकडे पाहिलं.