रंग उतरवायचं काम

काशीमीऱ्याहून मीरा रोडला कामाला जाताना कुलसुमला वाटेत कुणी ना कुणी विचारायचंच. त्या दिवशी सोसायटीच्या फाटकावरच्या नव्या वॉचमनने विचारलं.

"किधर से हो? अफ्रिका?"

"मुरूड," ती म्हणाली.

"वो तो अभी. उसके पहले?"

"उसके पहले राजपुरी. मुरूडच्या बाजूलाच हाय."

वॉचमनला वाटलं, ही थट्टा करतेय. तो स्वतः जौनपूरहून दोन महिन्यांपूर्वी आला होता, पण त्याला कुणी 'उसके पहले' विचारलं नव्हतं. कुलसुम जिन्याशी जाऊन कठड्याला धरून वर चढू लागली.

ती सिद्दी होती. पूर्वज कधीतरी जहाजातून कोकणच्या किनाऱ्यावर उतरले. कुणी शिपाई म्हणून आले, कुणी गुलाम म्हणून. आपले कोण म्हणून आले, हे तिच्या घरात कुणी सांगितलंच नव्हतं. रंग काळाभोर, केस बारीक कुरळे. बोलणं मात्र रायगडच्या कुठल्याही बाईसारखं. पहिल्यांदा भेटणारी माणसं तिच्याशी हिंदीत सुरू करत आणि तिने मराठीत उत्तर दिलं की म्हणत, "अय्या, किती छान मराठी बोलता!" पहिल्या पहिल्यांदा ती सांगत असे, की बाई, मला दुसरी येतच न्हाय. आताशा नुसती मान हलवायची.

नवरा दाऊद हायवेवर ट्रकच्या टायरांचं पंक्चर काढायचा. कुलसुम बाळ-बाळंतिणीचं तेलपाणी करायची. मिठागरं बुजवून उभ्या राहिलेल्या त्या इमारतींत गिरगाव-परळ सोडून आलेली नवी कुटुंबं होती, आणि पाळणे सारखे हलत होते. एका घरातून दुसऱ्या घरी नाव जायचं. त्यामुळे एका घरी बिनसलं की पूर्ण जिनाच बंद होई, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या मजल्यावर मृणालिनीबाईंच्या घरी मुलगी झाली होती. सून रुचिता रत्नागिरीची. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. मुलगी गुटगुटीत, पण सावळी. मृणालिनीबाईंनी गरोदरपणभर सुनेला केशर-दूध पाजलं होतं, पलंगासमोर गोऱ्या बाळाचं कॅलेंडर लावलं होतं. पोरगी आईच्या रंगावर गेली, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. बारशाला पुण्याची मंडळी येणार होती.

"कुलसुम, गोळा जरा दाबून फिरव गं. लव गेली की रंग आपोआप उघडतो."

कुलसुम मोरीत पाटावर बसायची, पाय लांब करून पायांवर बाळाला आडवं घ्यायची. खोबरेल जिरवून झालं की साय-हळद घालून मळलेला कणकेचा गोळा पाठीवरून, दंडांवरून फिरवायची. लव निघायची, कातडी लाल व्हायची. लाल झाली की बघणाऱ्यांना ती गोरीच वाटे. वर्षानुवर्षं प्रत्येक घरात हेच चाललं होतं. हाताला ते काम इतकं सवयीचं झालं होतं, की ती त्याबद्दल विचारही करत नसे.

एकदा मृणालिनीबाईंची बहीण आली होती. मोरीच्या दारात उभी राहून म्हणाली, "अगं मृणाल, हिच्या पायांवर ठेवली ना, की आपली छकुली गोरीच दिसते बघ!"

सगळ्या हसल्या. कुलसुमही हसली. असं हसून टाकायची तिला सवय होती. त्याने काम लवकर उरकायचं.

नंतर दार लोटून घेऊन ती रुचिताचं अंग चोळायला बसली. रुचिता पालथी होती, आवाज उशीत बुडालेला.

"तुम्ही हसलात कशाला, कुलसुमताई?"

"मग काय करू, वहिनी? रडले तर तुमच्या सासूबाई चहा पन देनार न्हायत."

रुचिता खुदकन हसली.

"मला बघायला आले ना हे लोक," ती म्हणाली, "तेव्हा ह्याच मावशींनी मला तोंड धुवून यायला सांगितलं. सगळ्यांसमोर. पावडर लावलीय का ते बघायला. माझे बाबा तिथेच बसले होते, हातात पोह्यांची बशी घेऊन."

"मग?"

"मग काय. धुवून आले."

कुलसुमचा अंगठा तिच्या कमरेवर फिरत राहिला. "माझी सलमा सातवीत हाय," ती म्हणाली. "शाळेच्या गॅदरिंगला दर साली तिला राक्षशीनच करतात. बाई म्हनतात, हिला बरं हाय, रंगवायला लागत न्हाय. घरी येऊन सांगते तेव्हा ती पन हसते. माझ्यावर गेलीय."

त्या संध्याकाळी कुलसुम घरी पोचली तेव्हा मोरीचा पडदा ओढलेला होता. आत सलमा बसली होती. फ्रॉकची बाही खांद्यापर्यंत वर केलेली, हातात कणकेचा गोळा, हळदीने पिवळा. खांद्यापासून कोपरापर्यंत दंड घासून घासून सोलवटला होता, दोन ठिकाणी रक्त आलं होतं.

"काय चाललंय गं?"

सलमा दचकली नाही. दमलेली दिसत होती. "साय नव्हती," ती म्हणाली. "नुसत्या पाण्यात मळलं. म्हणून जात नसेल. अम्मी, त्या बाळांचा जातो ना?"

कुलसुमने तिच्या हातातला गोळा काढून घेतला. जातो म्हणावं, तर ही पोर उद्या साय आणेल. नाही म्हणावं, तर मग आपण रोज तिथे काय करतो? तिला एकदम खूप थकल्यासारखं झालं. ती तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि तिने पोरीचा दंड मांडीवर घेतला.

सकाळी तिने बाळाला तेल लावलं, पाणी घातलं, पंच्यात गुंडाळलं. गोळ्याची वाटी होती तशी बाजूला ठेवली.

"हे राहिलं ना!" मृणालिनीबाई म्हणाल्या.

"ते मी न्हाय लावनार आता, काकू. तेलपानी करीन, शेक देईन, धुरी देईन. ते न्हाय."

"का? कालपर्यंत लावत होतीस की."

"त्यानं रंग जात न्हाय. कातडी जाते."

"तू सांगणार मला? तुला काय गं कळणार रंगाचं!"

बोलून गेल्यावर मृणालिनीबाईंना जरा चुकल्यासारखं झालं असावं, कारण त्या लगेच पदर सावरत म्हणाल्या, "म्हणजे मी तसं नाही म्हणत. प्रत्येकाचं असतं आपापलं. पण आमच्यात चालतं ना हे. चार दिवसांवर बारसं आलंय."

"आई," रुचिता पलंगावरून म्हणाली, "माझ्या आजीने मलाही लावलं होतं. पुष्कळ दिवस."

"म्हणून तर म्हणते, नीट लावायला हवं!"

रुचिता पुढे काही बोलेल म्हणून कुलसुम थांबली. रुचिता भिंतीकडे तोंड करून निजली. कुलसुमला तिचा राग आला नाही. त्या घरात राहायचं होतं ते तिला.

"मग मला दुसरी बाई बघावी लागेल," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"बघा, काकू."

दुसरी बाई मिळाली. लवकरच पहिल्या मजल्यावरच्या घरानेही, "आमच्याकडे गावाहून आजी येतायत," असं दारातूनच सांगितलं. समोरच्या इमारतीतल्या गुजराती बाईने तर काही कारणही दिलं नाही. कुलसुमने भाईंदरला एका सूतिकागृहात आयाच्या कामासाठी विचारून ठेवलं. तिथे पगार कमी आणि उभं राहणं जास्त. तिथल्या सिस्टरने आधी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"मुरूडची," कुलसुम म्हणाली. "मूळची, आताची, सगळी तिथलीच."

रात्रीच्या भाकऱ्या झाल्यावर तिने सलमाला जवळ बसवलं. दंडावर खपली धरली होती. कुलसुम बोटाने हलकेच तेल लावू लागली.

"अम्मी, सोसायटीतलं काम गेलं ना?"

"गेलं."

"माझ्यामुळे?"

"न्हाय गं. हात दुखायला लागला होता."

सलमाने आईच्या तोंडाकडे नीट बघितलं. विश्वास बसल्यासारखा दिसत नव्हता. पण तिने दंड काढून घेतला नाही. थोड्या वेळाने दुसराही पुढे केला. त्याला काही झालेलं नव्हतं. कुलसुमने त्यालाही तेल लावलं.