अडुसष्ट किलोंची दुर्गाबाई

तर हां, काल दुर्गाबाईला त्या लाल गाडीत बसवूनच आपण उठलो. बिचारी अजून तिथेच बसलीय. चिंचपोकळीच्या गल्लीत, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ताठ. गाडी चालू नाही आणि हिला चालवता येत नाही. बावीस वर्षं ती अशी लोकांच्या गाड्यांत बसते, आणि एकही गाडी तिला घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा गेलेली नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी मागचं थोडं सांगायला हवं. दुर्गाबाईचा नवरा जयवंत घाडी. आडनाव घाडी, धंदा गाडी, असं तोच प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो आणि तोच हसतो. त्याचं काम चाकं सरळ करण्याचं. हल्लीच्या पोरांना गाडी जमिनीला टेकलेली हवी असते. स्प्रिंगा कापून घेतात, गाडी खाली करतात. दिसते झकास, पण चाकं आत कलतात, फेंगडी होतात, आणि गाडी टायर खायला लागते. तेही आतून. बाहेरून पाहाल तर टायर नवरदेवासारखं, आणि आतली कड तारेपर्यंत गेलेली! मग धावतात जयवंतकडे. त्याच्याकडे मशीन-बिशीन काही नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना तो दोरा ताणतो, दोऱ्यापासून चाकाच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर पट्टीने मोजतो, आणि गाडीखाली झोपून चाकांना जोडणाऱ्या दांड्याचा आटा पाव पाव फिरवतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यातल्या अर्ध्याचा फरक ह्या माणसाला नुसत्या नजरेने कळतो.

पण रिकामी गाडी सरळ करून उपयोग नसतो. ड्रायव्हर बसला की ती खचते आणि चाकं पुन्हा वाकडी. म्हणून मोजताना आत माणूस हवा, स्टिअरिंग हलू न देणारा. गिऱ्हाइकं चहाला म्हणून जातात ती जातातच. जयवंतने पोतं ठेवून पाहिलं, पण पोत्याला हात नसतात. शेवटी एक दिवस समोरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर दुर्गाबाईला उभी केली. अडुसष्ट किलो भरली. जयवंत खूश. "बरोबर पुरुषाचं वजन! देवाने मापात दिलीय!"

तेव्हापासून गाडी आली की तो चाळीच्या गॅलरीकडे तोंड करून ओरडतो, "वजऽऽन!" आणि दुर्गाबाई गॅस बारीक करून खाली येते. शेजारची अनुजा एकदा चिडून म्हणाली, "काकी, नावाने हाक मारायला काय होतं ओ काकांना?"

"नावाला कुठे वजन असतं?" दुर्गाबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

गेल्या श्रावणात तिचे ब्लाउज ढिले व्हायला लागले. तिने टिपा घातल्या. महिन्याने पुन्हा घातल्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, जेवण दोन घासांवर आलं. अनुजाच्या लक्षात आलं. म्हणाली, "काकांना सांगितलंत?"

"नाही सांगणार."

"अहो, पण का?"

"सुताचा फरक दिसतो ना त्यांना? मग दिसू दे."

हट्टच म्हणा तो. तिने मनाशी पक्कं केलं होतं. त्याने एकदा तोंडाने विचारायचं, काय गं, खराब झालीस का. विचारलं की सगळं सांगायचं, अंगाला सुटणारा घाम, पोटातली कळ, सगळं. तोवर एक अक्षर नाही. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली. ती वाढत होती, तो जेवत होता. समोरासमोर.

दिवाळीनंतर एक गाडी परत आली, टायर आतून खाल्लेलं. मग दुसरी. आणि मग ही लाल, प्रभादेवीच्या शंतनूची. मुलगा शिकलेला, बोलायला मऊ. "काका, चार महिन्यांचे टायर आहेत हो. तुम्ही केलंत म्हणून मी निर्धास्त होतो."

जयवंतचं तोंड एवढंसं झालं. त्याआधी बावीस वर्षांत त्याने सरळ केलेली एकही गाडी परत आली नव्हती. त्याने दोरा बदलला. पट्टी बदलली. नळीत पाणी भरून जमिनीची पातळी तपासली. सगळं जागच्या जागी. मग दुर्गाबाईला आत बसवलं आणि चाकाच्या वरच्या फटीत बोटं घालून पाहिली. दोन मावायची तिथे अडीच मावली. गाडी खचलीच नव्हती! त्याने मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं. नीट पाहिलं.

"उतर," तो म्हणाला, आणि दंडाला धरून तिला रस्त्यापलीकडे भंगारवाल्याकडे घेऊन निघाला.

त्याने तिला हाताला धरून कुठे नेल्याला किती वर्षं झाली, तिला आठवेना. दिसलं बाई ह्यांना, एकदाचं दिसलं! तिचे डोळे भरून आले. आधी पोटाचं सांगावं की घामाचं, याची ती चालता चालता जुळवाजुळव करू लागली.

काट्यावर आकडा आला एकोणपन्नास.

"एकोणीस किलो!" जयवंत ओरडला. चेहरा असा उजळला की काय सांगू! "शंतनूशेठ, सापडलं! दोऱ्यात काही नव्हतंच. ही कमी पडली!"

खरं होतं ते. साध्या गाडीला एवढ्याने ढिम्म होत नाही, पण स्प्रिंग कापलेलीला होतं. त्यात तिच्या हातातला जोर गेलेला, इकडचं मोजून तो तिकडे जाईपर्यंत स्टिअरिंग सूतभर सरकायचं.

शंतनू चाचरत म्हणाला, "पण काका, काकींना बरं नाहीये का? एवढं वजन..."

"तिला काय धाड भरलीय! उपास करते सतरा." असं म्हणत जयवंतने तिथेच गोणीत रेती भरली. एकोणीस किलो, मूठभर काढून, चिमूटभर घालून, अगदी काट्यावर. गोणी आणून त्याने दुर्गाबाईच्या मांडीवर ठेवली. "घट्ट धर. आणि स्टिअरिंग हलता कामा नये."

ती दोन तास बसली. गाडी सरळ झाली. शंतनू निघून गेला, आणि आपण खोट कशी पकडली ते जयवंत संध्याकाळपर्यंत गल्लीला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजा तिला सरळ हॉस्पिटलात घेऊन गेली. जयवंतला आधीच्या दोन गाड्या पुन्हा करायच्या होत्या. त्या दोघी निघताना त्याने एवढंच विचारलं, "किती वेळ लागेल?"

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने पोट दाबून पाहिलं, पापणी ओढून पाहिली, आणि कागद पुढे ओढला. "आजी, वजन कधीपासून उतरतंय? नक्की महिना सांगता येईल?"

दुर्गाबाई म्हणाली, "ते आमच्या ह्यांना विचारा, डॉक्टर. कुठली गाडी कुठल्या महिन्यापासून टायर खायला लागली, सगळं तोंडपाठ आहे त्यांना. माझं काय, मी नुसती आत बसलेली असते."